नभराजला कुणी उठवेना

मालिकेत पाणी घालायला कौशल्य लागतं, हे माझं ठाम मत होतं आणि एकोणीस वर्षं त्याच कौशल्यावर माझं घर चाललं. ‘ध्रुवापल्याड’ या मालिकेचे पाच हजार सातशे बारा भाग मी लिहिले. आठवड्याला सहा. ‘अगस्ती’ नावाचं अंतराळयान पृथ्वीवरून वसुमती नावाच्या ग्रहाकडे निघालं आणि एकोणीस वर्षांत पोचलं नाही. वाहिनी बंद पडली त्या दिवशी यान वसुमतीपासून चार दिवसांवर होतं. शेवटची सहा वर्षं ते चार दिवसांवरच होतं.

लोकांनी मला नावं ठेवायची बाकी ठेवली नाहीत. मारुतीचं शेपूट म्हणाले, भिजत घोंगडं म्हणाले. एका बाईंनी पत्र पाठवलं होतं, की माझी मुलगी पहिल्या भागाला पाळण्यात होती, काल तिचं लग्न झालं, आता तरी उतरवा. मी ते पत्र सेटवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसलो. आज सांगताना हसू येत नाही.

वाहिनी बंद पडून तेरा वर्षं झाली होती. गेल्या जूनमध्ये ‘कथाचक्र’ नावाच्या कंपनीचा फोन आला. मालिकेवर बेतलेला त्यांचा गेम बाजारात येऊन आठ महिने झाले होते, त्यात एक अडचण होती, मॅडमनी येऊन बघावं. मी म्हटलं, सदुसष्टाव्या वर्षी मला टीव्हीचा रिमोट सापडत नाही, मी गेममध्ये काय बघू? पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, “मॅडम, अडचण यंत्राची नाही. तुमची आहे.”

असं कुणी बोललं की मला राग येतो, आणि राग आला की मी जातेच.

कंपनीचं ऑफिस कोल्हापुरातच, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. फोनवर बोलणारी ती तस्लीम मुजावर, गेमची मुख्य इंजिनियर. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, चष्मा सतत कपाळावर ढकलणारी. ती मूळची इचलकरंजीची. तिची आई यंत्रमागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता आमची मालिका बघायची. आमचा सेटही इचलकरंजीतच होता, बंद पडलेल्या एका मागाच्या शेडमध्ये. शेजारच्या शेडमधल्या मागांची धडधड रेकॉर्डिंगमध्ये यायची, म्हणून आम्ही ती यानाच्या इंजिनांची म्हणून खपवली. तस्लीमला हे लहानपणापासून माहीत होतं. यानाचं इंजिन आपल्या गल्लीत आहे, असं ती शाळेत सांगायची म्हणे.

“खेळून बघा,” ती म्हणाली आणि माझ्या हातात गेमचा तो बटणांचा रिमोट दिला.

गेम असा होता. खेळणारा ‘अगस्ती’वरचा एक खलाशी. आजूबाजूला मालिकेतली सगळी माणसं, अगदी तीच, तेच चेहरे, तेच आवाज. कलाकारांच्या करारात ‘आज ज्ञात असलेली आणि पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमे’ असं एक कलम होतं, ते आम्ही कुणी वाचलं नव्हतं. या माणसांचं बोलणं आधीपासून लिहून ठेवलेलं नव्हतं. खेळणारा जे करेल त्यावर ती तिथल्या तिथे बोलायची, वागायची. वसुमतीवर यान उतरवता येईल असा एकच वैमानिक होता, नभराज. तो निद्राकक्षात, एका शीतपेटीत झोपलेला. त्याला उठवायचं, यान उतरवायचं, गेम संपला.

मी निद्राकक्षापर्यंत पोचले. पेटीचं दार उघडायच्या दांड्याला हात घातला, तोच प्राणवायू गळतीचा भोंगा झाला. गळती बुजवून परत आले, तर डॉक्टर सान्वी दारातच बेशुद्ध पडली. तिला शुद्धीवर आणलं, तर एक म्हातारा यंत्रज्ञ धावत आला, “थांबा! नभराजला उठवण्याआधी तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी,” म्हणाला आणि ती गोष्ट न सांगता मेला.

“हा माझा सीन आहे,” मी म्हटलं. “चारशे सत्त्याहत्तरावा भाग. अर्धं वाक्य बोलून मरायचं.”

“माहिती आहे,” तस्लीम म्हणाली. “तीन लाख माणसं खेळतायत. आठ महिन्यांत एकालाही नभराजला उठवता आलेलं नाही. लोक शिव्या घालतायत, पण सोडून जात नाहीत. अगदी तुमच्या मालिकेसारखंच.”

“मग तुम्हीच उघडा की दार. यंत्र तुमचं आहे.”

“उघडलं. सक्तीनं उघडायची आज्ञा घातली. आत नभराजचा जुळा भाऊ निघाला.”

जुळा भाऊ दोन हजार एकशे तिसाव्या भागात मीच आणला होता.

मग तिनं पडद्यावर एक यादी काढली. कुणी किती वेळा त्या दांड्याला हात घातला, त्याची. बहुतेकांनी वीस-तीस प्रयत्न करून नाद सोडला होता. सगळ्यात वर एक नाव होतं, त्याच्यापुढे सहाशे अकरा हा आकडा. संग्राम चौगुले, इचलकरंजी. खाली त्यानं कंपनीला पाठवलेली तक्रार होती, एकच ओळ. ‘लेखिकेला म्हणावं, आता तरी उठीव मला.’

“हा माझा धाकटा भाऊ आहे,” मी म्हटलं.

“नभराजचं काम केलेला,” तस्लीम म्हणाली. “म्हणूनच तुम्हाला फोन केला.”

संग्राम माझ्याहून सहा वर्षांनी लहान. देखणा, आवाज घुमणारा. पहिल्या भागापासून दहा वर्षं तोच मालिकेचा नायक होता. तीन हजार अठराव्या भागात मी नभराजला विषाणूची बाधा झाल्याचं दाखवून शीतपेटीत झोपवलं. वाहिनीला नवा चेहरा आणायचा होता. “दोन महिने,” मी संग्रामला सांगितलं, “मग उठवते.” तो हसून म्हणाला, “दोन म्हैनं झोपायला मिळतंय, अक्का, ब्येस की.” त्यानंतर नऊ वर्षं मालिका चालली. मी त्याला उठवलं नाही. मालिका संपली त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकून बसला होता आणि आता एकसष्टाव्या वर्षी गेमच्या पडद्यावर स्वतःलाच उठवायला सहाशे अकरा वेळा गेला होता.

मी तस्लीमला म्हटलं, दार उघडायचं. काय लागेल ते सांग.

तिनं मला समजावलं, आणि ते मला समजलं, याचं श्रेय तिला आहे. तिच्या यंत्राला गोष्ट म्हणजे काय हे कळत नाही. त्याला पाच हजार सातशे बारा भाग दाखवलेत, आणि त्यातून ते एवढंच शिकलंय, की कशानंतर काय येतं. कुणी दाराकडे गेलं की पुढे काय होतं? कुणी “मला काही सांगायचंय” म्हणालं की पुढे काय होतं? प्रत्येक प्रसंगाला पुढच्या शक्यता असतात, आणि जी शक्यता भागांमध्ये वारंवार दिसली तिचं वजन यंत्राच्या हिशेबात वाढत जातं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताला मीठ किती ते कळतं, तिला आकडा सांगता येत नाही, तसंच. आमच्या मालिकेत शेवट एकही नव्हता. तेव्हा यंत्राच्या लेखी शेवट ही गोष्ट जगात नाहीच.

“शिवाय आम्ही एक चूक केली,” ती म्हणाली. “खेळणारा किती वेळ टिकतो, त्यावर यंत्राला शाबासकी देत राहिलो. तुमची सवय आणि आमची शाबासकी, दोन्ही एकाच बाजूला ओढतायत.”

“म्हणजे पेरलं ते उगवलं.”

“त्याला शेवट दाखवा, मॅडम. शंभर-दीडशे शेवट लिहून द्या. ते शिकेल.”

मला वाटलं, हातचा मळ आहे. आठवड्याला सहा भाग लिहिणारी बाई मी. पंधरा दिवसांत चाळीस शेवट लिहून दिले. दार उघडतं, नभराज डोळे उघडतो, यान उतरतं, वसुमतीच्या मातीवर पाऊल पडतं. यंत्रानं चाळीसही गिळले आणि ढेकर दिला नाही. गेममध्ये आता दार अर्धं उघडून अडकायला लागलं.

मी आणखी साठ लिहिले. आता नभराज डोळे उघडायचा आणि त्याची स्मृती गेलेली असायची.

मी तस्लीमवर ओरडले. तिच्या यंत्राला बिनडोक म्हटलं, तिच्या कंपनीला लोकांना खिळवून ठेवणारी जळू म्हटलं. आता तिनंच मला जळवांचा मूळ पुरवठादार म्हटलं असतं तर शोभलं असतं. घरी येऊन मी माझेच शेवट पुन्हा वाचले आणि कागद भिरकावले. एकात नभराज उठतो, पण आधी वीज जाते. एकात यान उतरतं, पण ढगात काहीतरी हललेलं दिसतं. शंभरात एकही शेवट असा नव्हता, ज्याच्या ढुंगणाला मी शेपूट चिकटवलं नव्हतं. बोटांना वळणच तसं पडलेलं. वय झाल्यावर मोडत नाही म्हणतात ते हेच, आणि माझा इतका संताप झाला की दोन दिवस मी कुणाचा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी तस्लीम स्वतःच घरी आली. हातात एक कागद होता.

“मी दाराकडेच बघत होते, ते चुकलं,” ती म्हणाली. “दाराचा प्रश्नच नाही. मी दुसरंच मोजून बघितलं. मालिकेत एखाद्या माणसाला खरी गोष्ट कळते, आणि ती ज्याला सांगायला हवी त्याला तो सांगतो, यात किती भाग जातात? सरासरी एकशे त्रेचाळीस. पाच हजार सातशे बारा भागांत एकाही माणसानं खरं कळल्यावर त्याच दिवशी सांगितलेलं नाही. एकानंही नाही, मॅडम.”

“मालिका तशीच चालते.”

“असेल. पण सगळ्यात मोठं अंतर बघा. कॅप्टन देवयानी आणि नभराज. दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी भाग, आणि सांगितलेलं नाहीच.”

“कसलं खरं?”

“तीन हजार चोविसावा भाग. डॉक्टर सान्वी देवयानीला सांगते, की नभराजची बाधा उतरलीय, त्याला उठवता येईल. देवयानी म्हणते, ‘आत्ता नको. त्याला कळू देऊ नकोस.’ त्यानंतर ही गोष्ट तुम्ही कुठेच काढली नाहीत. प्रेक्षक विसरले. तुम्हीही विसरला असाल. यंत्र विसरत नाही. त्याच्या हिशेबात नभराज उठला की देवयानीला हे सांगावं लागणार, आणि या मालिकेत खरं कुणी सांगत नाही. म्हणून तो उठत नाही.”

मी विसरले नव्हते. तो सीन मी कधी लिहिला, तेही मला आठवत होतं. नभराज झोपल्याच्या पहिल्याच आठवड्यात वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुख बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. नवा वैमानिक लोकांना आवडलाय, जुना परत येणार नाही, म्हणाल्या. पण त्याला सांगू नका, तो दुसऱ्या मालिकेत गेला तर आमचा रहस्याचा धागा तुटेल. मी बरं म्हटलं. घरी आले आणि रात्रभर अंथरुणावर कूस बदलत राहिले, आणि सकाळी तो सीन लिहिला. देवयानीच्या तोंडी घातला. एवढंच काय ते माझ्या हातून खरं बाहेर पडलं.

तोवर तस्लीमला मी यातलं काहीही बोलले नव्हते. पण ती बसून राहिली, चहा गार झाला तरी उठेना. मग मी तिला हे सांगितलं आणि उरलेलंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय पहिलं सांगून काही उपयोग नव्हता.

मालिकेत दृश्यं मागंपुढं चित्रित होतात. म्हणून नटानं केस, मिशी, नखं जशीच्या तशी राखायची असतात. झोपलेला नभराज उठेल तेव्हा तसाच दिसायला हवा. संग्राम दर महिन्याला विचारायचा, “अक्का, कवा लागतोय सीन?” मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. तो जुना फोटो न्हाव्यासमोर धरून तसेच केस कापून घ्यायचा. एका नाटकवाल्यानं त्याला मोठी भूमिका दिली होती, टक्कल करून करायची. त्यानं नाही म्हटलं. आणि दुसऱ्या वर्षी आमचे अप्पा गेले.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर सगळे जमले. न्हावी येऊन बसला. संग्राम एकुलता एक मुलगा. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “केस काढू का गं, अक्का? का सीनचं काय म्हनत्यात?” काढ म्हटलं असतं, तर का काढायचे तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “महिनाभर थांब. सीन लागतोय.” तो वळला आणि न्हाव्याला नको म्हणाला. आमचे थोरले चुलते चिडले. बापाला केस देत न्हाई त्यानं पिंडाला हात लावायचा न्हाई, म्हणाले. पिंड चुलतभावानं ठेवले. संग्राम घाटाच्या पायरीवर लांब बसून होता, ते दाट, काळे, मागं वळवलेले केस घेऊन. भावकीत आजही त्याचं नाव निघालं की हे निघतंच.

तस्लीमनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “हे त्यांना कधी सांगणार?”

“तुझ्या यंत्राला आधी देऊ,” मी म्हटलं. बघा, तिथंही मी पुढं ढकललंच.

त्या दुपारी मी देवयानीचा सीन लिहिला. दीड पान. आयुष्यात पहिल्यांदा त्यात भोंगा नव्हता, कुणी दार ठोठावत नव्हतं, कुणी बेशुद्ध पडत नव्हतं. देवयानी शीतपेटीजवळ जाते आणि सांगते, की मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तुला मुद्दाम उठवलं नाही. बस. तस्लीमनं त्याच एका सीनला आधीच्या शंभराइतकं वजन दिलं आणि शाबासकीचं गणितही बदललं. सोमवारी तिनं मला बोलावलं.

गेम सुरू होता. मी दांड्याला हात घातला. काही झालं नाही. दांडा खाली आला, देवयानी पुढे झाली, बोलली, सगळं बोलली. पेटीचं दार उघडलं. नभराज उठून बसला, चाळिशीला टेकलेला माझा भाऊ, केसही न विस्कटलेला. त्यानं देवयानीकडे बघितलं आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, “तुमचा नाइलाज होता, देवयानी. मनाला लावून घेऊ नका.”

मागे उभी असलेली तस्लीमची माणसं टाळ्या वाजवत होती. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकले. मग उमगलं, की हे वाक्य माझंच आहे. दहा वर्षं मी नभराजला हेच बोलायला लावत होते. नायक होता ना तो, सगळ्यांना माफ करायचा. गुन्हा मी केला, माफी मीच लिहिली आणि भावाच्या तोंडून स्वतःला वदवून घेतली. आता हेच संग्राम बघणार होता, स्वतःच्या चेहऱ्यानं, स्वतःच्या आवाजात, त्याला न विचारता.

“हे वाक्य काढ,” मी तस्लीमला म्हटलं.

“मग तो काय म्हणेल?”

“मला काय माहीत? ज्याला विचारायचं त्याला विचारलेलंच नाही.”

तस्लीम वरच्या लोकांशी भांडली, हे मला तिच्याच ऑफिसातल्यांनी सांगितलं. वरचे म्हणाले, लोकांना माफी आवडते. सुधारलेला गेम शुक्रवारी सकाळी सगळ्यांना जाणार, वाक्यासकट. मी पण वर जाऊन भांडले. एका पोरगेल्या साहेबानं मला ‘लेजंड’ म्हणून खुर्ची दिली, कॉफी दिली आणि माझं काही ऐकलं नाही. नळी फुंकली सोनारे. माझ्या हाती आता फक्त गुरुवार होता.

गुरुवारी सकाळी दहाला मी इचलकरंजीत उतरले. संग्रामचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. तो स्टुलावर बसून एका मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. केस पांढरे झाले होते, पण दाट होते आणि अजून मागंच वळवलेले. मला बघून त्यानं तार थांबवली नाही.

आतून त्याची बायको सुजाता बाहेर आली आणि चपापली. “वन्सं? या, या की. बसा.” तिनं खुर्ची पुसली, पाणी आणलं.

“आलीस व्हय,” संग्राम म्हणाला. “उद्या दार उघडतंय म्हनं. मेसेज आलाय मला.”

“त्याच्या आधी सांगायचंय एक.”

“बोल की.”

मी तोंड उघडलं, आणि सुजातानं विचारलं, “चहा ठेवू का, वन्सं?” आणि माझी मेलीची जीभ, ती म्हणाली, “ठेव की, साखर कमी घाल.” मग मी पोरीची चौकशी केली, पोरीच्या पोराची केली. दुकान बरं चाललंय का विचारलं. तो हो-नाही म्हणत तार गुंडाळत होता. पाच मिनिटं अशी गेली आणि मला स्वतःचा असा काही तिटकारा आला, की मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

“संग्राम, नभराज उठणार नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. वाहिनीनं तेव्हाच सांगितलं होतं. तुला दोन महिने म्हटलं ते खोटं होतं. त्याच्यापुढं नऊ वर्षं दर महिन्याला जे सांगत आले, ते सगळं खोटं होतं.”

तार थांबली.

“मला त्या बाईंनी...”

“बाईंचं न्हाई इचारलं मी.” त्यानं मोटार मांडीवरून खाली ठेवली. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला, सुजाता दारात येऊन उभी राहिली होती. मग त्यानं वर बघितलं. “अप्पांच्या दहाव्याला म्हाईत हुतं तुला?”

“व्हय.”

“घाटावर मी इचारलं तवा?”

“व्हय. माहीत होतं.”

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मनात म्हणत होते, शिवी दे, हात उगार, काहीतरी कर. मी त्याला त्या पेटीत निजवून बावीस वर्षं झाली होती. तो उठला, हात पुसले आणि बायकोला म्हणाला, “सुजे, मारुती न्हाव्याला फोन लाव. सामान घिऊन घरी ये म्हनावं.”

“आत्ता? कशाला वो?”

“केस काढायच्यात. मिशी बी. अप्पांचं राहिलंय तेवढं करून घेतो.”

सुजातानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि फोन आणायला आत गेली. संग्रामनं भिंतीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला, स्टूल उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन उन्हात ठेवलं. मी त्याच्यामागून दारापर्यंत गेले.

माझ्याकडे अशा वेळचे चाळीस उपाय होते. छातीत कळ आणायची. त्याचे पाय धरायचे. अप्पा शेवटी तुझंच नाव घेत होते, असं सांगायचं, आणि हे तर खरंही होतं. त्यातल्या कशानंही हा सीन अजून तीन भाग चालला असता.

“मी थांबते इथं,” मी म्हटलं. “तुझं होईपर्यंत.”

तो स्टुलावर बसला होता, पाठमोरा. मान वळवली नाही.

“तू थांबू नगंस, अक्का.”

मी थांबले नाही.